कर्ज माफ, सिबिल खराब

"मामा, जे कर्ज सरकारनं माफ केलं, त्याचा डाग माह्या नावावर काहून राहते?"

मंगरूळपीर तालुक्यात हा प्रश्न नवा नाही. मृग लागायच्या आधी बँकेच्या चकरा मारणाऱ्या कितीतरी जणांना 'सिबिल खराब आहे' एवढंच उत्तर मिळतं आणि प्रश्न तिथेच विरून जातो. इथे मात्र तो ज्यांना विचारला गेला ते मामा राष्ट्रीयीकृत बँकेत कृषी अधिकारी म्हणून लागले आणि शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. थकबाकीदारांच्या ओट्यावर बसून त्यांनी वसुली केली आहे आणि कर्जमाफीच्या याद्याही रात्री जागून भरल्या आहेत. भाच्याची शेती शेलूबाजारच्या बाजूला, सोयाबीन आणि तूर. त्याला आता दोन म्हशी आणि गोठा यासाठी कर्ज हवं आहे. बँकेतल्या साहेबांनी स्क्रीन त्याच्याकडे फिरवून एक शब्द दाखवला: 'सेटल्ड'. नवा अर्ज तिथेच अडला.

असे मामा आणि असे भाचे वाशिम जिल्ह्यात पुष्कळ आहेत. नावं वेगळी, वाद हाच.

"डाग म्हणू नको," मामा म्हणाले. "नोंद आहे ती. तू कर्ज घेतलंस, ते थकलं, मग ते एका योजनेत मिटलं. यातलं खोटं काय आहे?"

खोटं काय, ते सांगायला भाच्याला २०१७ पर्यंत मागे जावं लागलं. त्या वर्षीच्या जूनमध्ये राज्य सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ झाली. बाकी त्याहून जास्त असेल तर वरची रक्कम शेतकऱ्याने आधी भरायची आणि मग सरकार दीड लाख भरणार, अशी एकरकमी परतफेडीची सोय होती. भाच्याची बाकी दोन लाख तीस हजारांच्या घरात होती. तुरीचे पैसे आणि मेहुण्याकडून घेतलेले उसने, असे मिळून त्याने वरचे ऐंशी हजार भरले. सरकारचे दीड लाख जमा झाले. सातबारावरचा बोजा उतरला, फेरफार झाला, बेबाकी दाखला हातात आला.

"बँकेचा एक रुपया बुडाला नाई," भाचा म्हणाला. "ऐंशी म्या देल्ले, दीड लाख सरकारनं. मंग हे सेटल कशाचं? सेटल म्हणजे तर अर्धे देऊन हात झटकणं."

"खातं एनपीए झालं होतं ना? सोयाबीनसारख्या कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं की ते अनुत्पादक धरायचं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. असं खातं बंद करताना मधलं थोडंबहुत व्याज बँकेनं सोडलं असेल. सिबिलसारख्या कंपनीकडे माहिती पाठवायच्या नमुन्यात ठरलेले कप्पे असतात. रिटन ऑफ, सेटल्ड, रिटन ऑफनंतर सेटल्ड, पुनर्गठित. शाखेतल्या माणसानं त्यातल्या त्यात जवळचा वाटला तो कप्पा भरला असेल."

"सरकारच्या आदेशानं मिटलं, असं सांगाचा कप्पा नाई का?"

"सरकारी आदेशानं पुनर्गठित, असा कप्पा आहे. नैसर्गिक आपत्तीमुळे पुनर्गठित, असाही आहे. तुझ्या अहवालात मात्र दोन्हीपैकी काही नाही."

पहिल्या काही मिनिटांतच वाद इथे येऊन पोहोचला, हे बरं झालं. कारण या विषयावरची बहुतेक भांडणं कर्जमाफी योग्य की अयोग्य यावरच संपतात. माफी झाल्यानंतर त्या माणसाविषयी काय लिहिलं जातं, कोण लिहितं आणि ते किती काळ राहतं, यावर फार कमी बोललं जातं.

लोक ज्याला सरसकट 'सिबिल' म्हणतात ती एकच गोष्ट नाही. सिबिल ही कंपनी २००० साली स्थापन झाली आणि तिचं आजचं नाव ट्रान्सयुनियन सिबिल आहे. एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या तिच्यासारख्याच आणखी तीन कंपन्या आहेत. पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ चा, आणि तो अमलात आला डिसेंबर २००६ मध्ये. जानेवारी २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्ज देणाऱ्या सगळ्या बँका-संस्थांना चारही कंपन्यांचं सभासद व्हायला सांगितलं. कर्जदाराची माहिती एकाच कंपनीकडे असण्याचे दिवस तिथे संपले. सिबिलचा गुणांक ३०० ते ९०० या दरम्यान असतो, पण खेड्यातल्या कर्जदाराला आकड्यापेक्षा त्याच्या खालचा तो एक शब्द जास्त नडतो.

मामांना जुने दिवस आठवतात. एक शाखाधिकारी थकबाकीदाराला ओळखायचा, पण त्याची बदली झाली की ती ओळखही जायची. आता शेलूबाजारच्या शेतकऱ्याचं खातं मुंबईत बसलेल्या माणसालाही दिसतं, आणि मुंबईच्या त्या माणसाला शेलूबाजारात त्या साली पाऊस पडला होता की नाही हे ठाऊक नसतं.

भाच्याचा सगळा राग या दुसऱ्या अर्ध्या वाक्यावर आहे.

"दोन हजार सहाले काय झालं होतं, तुमालेच ठाऊक आहे," तो म्हणाला. मामांना ठाऊक होतं. पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि १ जुलै २००६ रोजी अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशिम, यवतमाळ आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात थकीत व्याजाचे ७१२ कोटी माफ करायचं ठरलं. मूळ कर्ज तीन ते पाच वर्षांवर पुढे ढकलायचं, पहिलं वर्ष हप्ता नाही. व्याजाचं जुनं ओझं काढलं म्हणजे शेतकरी लगेच नव्या कर्जाला पात्र होईल, हा त्यामागचा सांगितलेला हेतू होता. पुढे २००८ ची केंद्राची कर्जमाफी आली. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याचं पात्र कर्ज पूर्ण माफ झालं. त्यापेक्षा जास्त जमीन असलेल्याने पंचाहत्तर टक्के भरले तर पंचवीस टक्के सूट होती. माफी मिळालेला लहान शेतकरी नव्या शेतीकर्जाला पात्र ठरेल, असं त्या योजनेच्या नियमांतच लिहिलं होतं.

"म्हणजे माफी आन् नवं कर्ज, दोन्ही संगच सांगितलं होतं," भाचा म्हणाला. "अर्धं देल्लं, अर्धं विसरले."

मामांनी हे नाकारलं नाही. उलट त्यांनीच भर घातली. २००८ च्या योजनेवरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल मार्च २०१३ मध्ये संसदेत मांडला गेला. तपासलेल्या ६१,७९३ लाभार्थी खात्यांपैकी २१,१८२ खात्यांत, म्हणजे चौतीस टक्क्यांहून अधिक ठिकाणी, कर्जमाफीचं प्रमाणपत्र शेतकऱ्याला दिल्याची पोच किंवा दुसरा पुरावा सापडला नव्हता. नवं कर्ज मागताना दाखवायचा कागद तोच होता. पैसे बँकेकडे पोहोचले, कागद शेतकऱ्याकडे पोहोचला की नाही हे तीनपैकी एका खात्यात सांगता येत नव्हतं.

पण मामा तिथे थांबले नाहीत, आणि त्यांनी थांबूही नये. बँकेच्या बाजूचं म्हणणं आपल्याकडे नेहमी फार स्वस्तात उडवलं जातं.

"आता दुसऱ्याचं ऐक. तुझ्या बांधाला बांध लागून असलेला माणूस दरवर्षी ३१ मार्चच्या आत कर्ज भरतो. पाऊस त्याच्याही शेतावर तेवढाच पडला. दोन हजार सतरात नियमित भरणाऱ्याला जास्तीत जास्त पंचवीस हजार प्रोत्साहन मिळालं. दोन हजार एकोणीसच्या महात्मा फुले योजनेत थकबाकीदाराला दोन लाखांपर्यंत माफी आणि नियमितवाल्याला पन्नास हजारांपर्यंत, तेही वाटायला सुरुवात झाली दोन हजार बावीसच्या ऑक्टोबरात. आता तुझी आणि त्याची नोंद मी सारखी लिहिली, तर त्याला मी काय तोंड दाखवू?"

भाच्याने लगेच उत्तर दिलं नाही. नियमितवाला शेजारी त्याच्याही ओळखीचा होता. दरवर्षी मार्चमध्ये कुठून तरी चार दिवसांसाठी पैसे उभे करून तो नवं-जुनं करतो, आणि ते चार दिवसांचे पैसे महाग पडतात, हे दोघांनाही ठाऊक होतं. वेळेवर भरणाऱ्याला डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी पडतं, म्हणून ही सगळी ओढाताण. एक दिवस चुकला की सवलत गेली.

मामा पुढे बोलत राहिले. मार्च २०१७ मध्ये स्टेट बँकेच्या तेव्हाच्या अध्यक्ष अरुंधती भट्टाचार्य यांनी कर्जमाफीने कर्जफेडीची शिस्त मोडते असं म्हटलं, आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळात त्यांच्याविरुद्ध हक्कभंगाची सूचना आली. पुढच्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी जवळपास तेच सांगितलं. दोघांचं म्हणणं मामांच्या मते शेतकऱ्याविरुद्ध नव्हतं. माफीची वाट पाहणं सुरू झालं की भरू शकणाराही थांबतो. हे त्यांनी स्वतःच्या शाखेत निवडणुकीच्या वर्षी पाहिलं होतं.

"आणि नोंदच ठेवली नाही तर काय होतं, तेही पाहिलंय आपण," ते म्हणाले. "आंध्रात दोन हजार दहाला काय झालं? एकेका बाईच्या नावावर चार-चार मायक्रोफायनान्स कंपन्यांचं कर्ज. एकीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून. कोणी कोणाला किती दिलंय हे एकाही कंपनीला दिसत नव्हतं. शेवटी सरकारला अध्यादेश काढावा लागला. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या मालेगाम समितीनं सांगितलं की या कंपन्यांनीही पतमाहितीच्या नोंदी ठेवल्या पाहिजेत. नोंद असती तर त्या बायांना तिसरं-चौथं कर्ज मिळालंच नसतं आणि त्या वाचल्या असत्या."

हा मुद्दा बिनतोड आहे. नोंद नसणं हे गरिबाच्या बाजूचं असतंच असं नाही. नोंद नसते तेव्हा ओळख चालते, आणि मंगरूळपीरसारख्या गावात ओळख कोणाकडे असते हे सांगायला नको. ज्याच्या घरात कोणी संचालक नाही, ज्याच्यासाठी कोणी फोन करत नाही, त्याला स्वच्छ नोंद हाच एक वशिला असतो.

"मंग स्वच्छ करून द्या ना," भाचा म्हणाला. "नोंद पुसा, असं म्या म्हणलंच कुठं? खरी लिहा, एवढंच म्हणतो."

नंतर त्याने व्हिडिओकॉन काढलं. औरंगाबादच्या त्या उद्योगाचं नाव मराठवाडा-विदर्भात कोणाला सांगावं लागत नाही. समूहातल्या तेरा कंपन्यांवर ६४,८३८ कोटींचे दावे मान्य झाले होते. जून २०२१ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने २,९६२ कोटींचा प्रस्ताव मंजूर केला, तोही बोली लावणारा जवळपास काहीच देत नाही अशी नोंद करून. धनकोंनी शंभरातले पंच्याण्णवहून अधिक रुपये सोडायचे होते. जानेवारी २०२२ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली, हेही खरं. पण कायद्याचा रस्ता होता, दारं होती, तारखा होत्या, वकील होते.

"मोठ्या कंपनीचं कर्ज बुडालं तं तिच्यासाठी न्यायाधिकरण. माह्यासाठी काय?"

इथे मामा गंभीर झाले, कारण खरं उत्तर बँकेच्या बाजूचंही नाही आणि शेतकऱ्याच्या बाजूचंही नाही. २०१६ च्या नादारी आणि दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे. त्यात अगदी गरिबासाठी 'नवी सुरुवात' नावाची प्रक्रिया लिहिली आहे: वार्षिक उत्पन्न साठ हजारांपर्यंत, मालमत्ता वीस हजारांपर्यंत, पात्र कर्ज पस्तीस हजारांपर्यंत आणि नावावर घर नाही, अशा माणसाला अर्ज करून कर्जातून रीतसर मुक्त होता येईल. संसदेने ते मंजूर केलं. पण व्यक्तींच्या भागातला जो तुकडा डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, तो कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. मंगरूळपीरच्या शेतकऱ्यासाठी, दुकानदारासाठी, पगारदारासाठी आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे. त्यात जिल्हा न्यायालयाने माणसाला नादार ठरवायचं, त्याची मालमत्ता रिसीव्हरच्या ताब्यात द्यायची आणि शेवटी मुक्ततेचा आदेश करायचा. असा आदेश झाला की सरकारी देणी आणि फसवणुकीची देणी वगळता बहुतेक कर्जं संपतात. मामांच्या साऱ्या नोकरीत एकाही शेतकऱ्याने तो रस्ता धरला नाही. वकिलाची फी आणि गावातली नाचक्की, दोन्ही कर्जापेक्षा जड.

म्हणून आपल्याकडे कर्जातून सुटकेचं काम न्यायालयाऐवजी सरकार करतं, तेही एकदम लाखो लोकांसाठी आणि बहुधा निवडणुकीच्या आगेमागे. न्यायालयाच्या आदेशावर माणसाचं नाव, तारीख आणि कारण असतं. कर्जमाफी यादीने होते. २०१७ ला हिरवी यादी, २०१९ च्या योजनेत आधार प्रमाणीकरणाची यादी. यादीत कारण लिहिलेलं नसतं. ज्याचं पीक गारपिटीत झोपलं तो आणि ज्याने माफीची वाट पाहत मुद्दाम थांबवलं तो, दोघं एका ओळीखाली एक. पुढे पतअहवालात दोघांपुढे तोच शब्द येतो. भाच्याची तक्रार आणि मामांची तक्रार खरं तर या एकाच जागेतून निघते.

कर्जातून सुटलेल्या माणसाची नोंद कशी ठेवायची, हा प्रश्न अमेरिकेत न्यायालयांनी धसास लावला. तिथल्या १९७० च्या पतअहवाल कायद्यात प्रतिकूल नोंदींना वरची मर्यादा आहे: बहुतेक नोंदींना सात वर्षं, दिवाळखोरीला दहा. आपल्याकडच्या नियमांत सात वर्षं आहेत ती किमान. दिवाळखोरीत मुक्त झालेलं कर्ज तिथे शून्य बाकी दाखवून लिहावं लागतं. तरी बँका आणि नोंद ठेवणाऱ्या कंपन्या ते वर्षानुवर्षं थकीतच दाखवत राहिल्या, आणि लोकांना घरभाड्यापासून नोकरीपर्यंत त्याचा फटका बसला. कॅलिफोर्नियातल्या सामूहिक दाव्यात २००८ मध्ये न्यायालयाने तीन मोठ्या कंपन्यांना मुक्त झालेली कर्जं आपणहून दुरुस्त करायची पद्धत बसवायला लावली. २०१५ मध्ये न्यू यॉर्कच्या दिवाळखोरी न्यायालयातल्या दाव्यांनंतर जेपी मॉर्गन चेस आणि बँक ऑफ अमेरिका यांनीही अशा नोंदी काढून टाकायचं मान्य केलं.

"पाहा," भाचा म्हणाला.

"पाहतोय. पण त्यांनीही दिवाळखोरी झाल्याची नोंद काढली नाही," मामा म्हणाले. "दहा वर्षं ती दिसते. काढली ती खोटी बाकी. यातला फरक लक्षात घे."

आपल्या राज्याने आजवर वेगळा रस्ता धरला आहे. पीककर्जासाठी सिबिल मागू नका, मागितलं तर बँकेवर गुन्हा दाखल करू, असं २०२४ च्या जूनमध्ये आणि पुन्हा मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं. आधी उपमुख्यमंत्री म्हणून, मग मुख्यमंत्री म्हणून. टाळ्या मिळाव्यात असंच ते वाक्य आहे, आणि त्यामागची कळकळ खोटी नाही.

मामांना ते पटत नाही. बँक रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली चालते, ठेवीदारांचे पैसे कर्जाऊ देते, तिला डोळे बांधून कर्ज दे म्हणणं चूक, असं त्यांचं मत. भाच्यालाही ते पुरत नाही, पण वेगळ्या कारणाने. "थे पीककर्जापुरतं. मले म्हशी घ्याच्या आहेत. थे मुदतीचं कर्ज, थेथं सिबिल पाहणारच. आन् साहेबाले धाक देऊन आणलेलं कर्ज कितीक दिवस पुरते? यंदा देते, पुढच्या वर्षी कागद अपुरे म्हणते."

दोघंही बरोबर आहेत. बँकेला न पाहण्याचा हुकूम देणं सोपं. तिच्यापुढे जे येतं ते खरं आणि पूर्ण असेल याची जबाबदारी घेणं अवघड, आणि माफी देणाऱ्या सरकारने ती आधी घ्यायला हवी. दीड लाख भरणारं सरकार बँकेला एवढी अट निश्चित घालू शकतं की खातं बंद म्हणून कळव, बाकी शून्य दाखव आणि योजनेचं नाव लिही. पैसे घेणारी बँक त्या अटीला नाही म्हणणार नाही. ही अट न घालता वाटलेली माफी शेतकऱ्याला कर्जातून सोडवते आणि कर्ज मिळण्याच्या रांगेतूनही बाहेर काढते. मग तो कृषी केंद्राच्या उधारीकडे जातो, फायनान्सवाल्याकडे जातो, सावकाराकडे जातो. यातल्या शेवटच्याचा हिशेब कोणत्याही अहवालात दिसत नाही.

रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये तडजोडीने मिटवलेल्या कर्जांची चौकट ठरवली. अशा कर्जदाराला पुन्हा कर्ज देण्याआधी किमान बारा महिने थांबायचं, असं तिच्यात आहे. शेतीकर्जाला मात्र हा बारा महिन्यांचा दंडक लागू नाही, तिथली मुदत बँकेच्या संचालक मंडळाने ठरवायची आहे. मामांनी हे सांगितल्यावर भाचा चमकला.

"म्हणजे बारा महिन्यानं कारखानदार उभा राहू शकते. मी कितीक वर्षं झाली, सांगा."

"तुझ्या बँकेच्या मंडळानं काय मुदत ठरवली, ते विचार. लेखी विचार."

इथून पुढे वाद कमी झाला आणि काम सुरू झालं. २००५ च्या कायद्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे कर्जाला अर्ज करणाऱ्याला, बँकेने त्याच्याविषयी जो पतअहवाल मागवला त्याची प्रत मागता येते. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चूक दाखवली तर तीस दिवसांत ती सुधारावी लागते. त्याहून उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई, हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही कोणी ऐकलं नाही तर या कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. कर्ज नाकारलं तर कारण लेखी द्यायचं, हा नियम तर त्याहून जुना. नुसतं तोंडी 'सिबिल खराब' हे कारण होत नाही.

"हे सगळं मले बँकेत कोणी सांगितलं नाई," भाचा म्हणाला.

"मीही माझ्या खुर्चीवरून फार जणांना सांगितलं नाही," मामा म्हणाले. "सांगायला वेळ नव्हता असं नाही. विचारणारा कोणी नव्हता."

मामांनी अर्जाचा मसुदा सांगायला घेतला. सोबत बेबाकी दाखला, योजनेत रक्कम जमा झाल्याचा खातेउतारा आणि ऐंशी हजार भरल्याची पावती. अर्ज कंपनीकडे आणि बँकेकडे, दोन्हीकडे करायचा, कारण बँकेने दुरुस्त माहिती पाठवल्याशिवाय कंपनी काही बदलत नाही. "नोंद काढून टाका असं लिहू नको. खातं बंद, बाकी शून्य, राज्य शासनाच्या योजनेत मिटलं, असं दुरुस्त करून मागायचं."

"आन् थकलेले महिने?"

"ते खरे आहेत. ते राहतील."

भाच्याने पेन खाली ठेवलं. "राहू द्या. पण त्या महिन्याच्या बाजूले गावाच्या पिकाची पैसेवारीही लिहा ना मंग. दरसाली ३१ डिसेंबरले अंतिम पैसेवारी सरकारच काढते. गावागावाची. पन्नास पैशाच्या आत आली, की शेतसाऱ्यात सूट, पोरांच्या परीक्षा फीत सूट, वीजबिलात सूट. सरकारच म्हणते पीक बुडालं, आन् सिबिल म्हणते याची दानत नाई. दोघांपैकी एकजण खोटा आहे."

मामा बराच वेळ या वाक्याभोवती फिरले. आधी म्हणाले की बँकांच्या नमुन्यात पैसेवारीला जागा नाही. मग स्वतःच म्हणाले की नैसर्गिक आपत्तीमुळे पुनर्गठित असा कप्पा आहे, म्हणजे थकण्याचं कारण लिहिता येतं हे तत्त्व मान्यच झालं आहे. पीक तेहतीस टक्क्यांहून अधिक गेलं तर कर्जाचं पुनर्गठन करता येतं, असं रिझर्व्ह बँकही म्हणते. पुनर्गठनासाठी मात्र बँकेने वेळेत पुढाकार घ्यावा लागतो. तो घेतला नाही तर त्याच दुष्काळातला माणूस साधा थकबाकीदार होऊन बसतो. पैसेवारीचे आकडे जिल्हाधिकारी कार्यालयात पडून असतात, गावाचं नाव बँकेकडे असतं, दोन्ही जोडायला नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. नियमितवाल्या शेजाऱ्यावरही त्यात अन्याय नाही, कारण वाईट साली भरलेला हप्ताही वाईट सालीच भरलेला दिसेल आणि त्याची किंमत वाढेल.

शेवटचा मुद्दा मामांचा होता, आणि तो सापडल्यावर त्यांचा सूर बदलला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरच्या शेतकरी आंदोलनानंतर राज्य सरकारने कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पर्यंत घेण्याचं सांगितलं आणि प्रवीण परदेशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. योजना कोणतीही असो, तिच्या आदेशात नोंदीसाठी दोन ओळी हव्यात, यावर मामा-भाच्याचं एकमत झालं. त्या ओळी काय असाव्यात यावर झालं नाही. मामांना हवं होतं की थकलेले महिने आणि योजनेचं नाव दोन्ही दिसावेत. भाच्याला हवं होतं की पन्नास पैशांच्या आतल्या गावांत थकलेले महिने मोजूच नयेत.

"तुझ्या अर्जात हे मिसळू नको," मामा म्हणाले. "तो अर्ज तुझ्या खात्यापुरता आहे, तीस दिवसांत निकाल लागेल असा. पैसेवारीचं वेगळ्या कागदावर लिहू. तो कागद कंपनीकडे जाणार नाही. तो रिझर्व्ह बँकेकडे आणि समितीकडे जाईल, आणि त्याच्यावर तुझ्या त्या नियमित शेजाऱ्याचीही सही घे."

"तो करीन का सही?"

"विचारून तर पाहा. त्याला आधी सांग, की त्याचाही हप्ता त्यात मोजला जाणार आहे."